प्रकल्प नोंदी: भाची, बेडूक आणि चंद्र

३ मे

ठरलं, भाची चंद्रावर जाणार. ती ९ वर्षांची आहे, सुट्टी लागलीय, आणि मागे कधीतरी मी "एकदा ग्रीन स्क्रीन करून बघू आपण" (म्हणजे हिरव्या कापडासमोर शूट करायचं आणि कापडाच्या जागी दुसरं चित्र टाकायचं) असं बोलून बसलो होतो ते मी विसरलो पण तिने बरोब्बर लक्षात ठेवलं. फिल्म ३ मिनिटांची. कथा तिचीच, उतरायचं, उड्या मारायच्या, एक दगड उचलायचा, परत यायचं. सोबत अजून एक जण येणार आहे पण ते सरप्राइज आहे म्हणे.

सामान: हिरवं कापड ३ बाय ६ मीटर, फोन, जुना ट्रायपॉड, दोन एलईडी पॅनेल, एक टेबल लॅम्प. खोली साडेचार मीटर लांब. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह, फुकटवालं, त्यात फ्यूजन पेजवर डेल्टा कीअर (कापड पारदर्शक करणारं टूल) मिळतो तेवढा बास. नोंदी ठेवतोय कारण मागच्या वेळी काय सेटिंग ठेवलं होतं ते दुसऱ्याच दिवशी आठवेना.

४ मे

दिवसभर फक्त कापड. घडी घालून पॅक केलेलं होतं त्यामुळे उघडल्यावर त्यावर बुद्धिबळाचा पट दिसत होता. इस्त्री केली, अर्ध्या घड्या गेल्या अर्ध्या नाही. मग वर काठी, खाली वजनं, दोन्ही बाजूंना चिमटे लावून ताणलं आणि पाण्याचा फवारा मारून रात्रभर तसंच ठेवलंय.

एवढा आटापिटा कशाला तर प्रत्येक घडीला एक उजळ बाजू असते आणि एक सावलीची, म्हणजे कॅमेऱ्याला एक हिरवा न दिसता तीनचार हिरवे दिसतात. सगळे घालवायचे तर कीअरची रेंज वाढवावी लागते आणि रेंज वाढवली की तो कापड संपवून माणूस खायला लागतो. अजून एक, आमच्या कापडाची एक बाजू जरा चकचकीत आहे आणि मी आधी तीच पुढे लावली होती (सुंदर दिसत होती ना). चकाकी पडते तिथे कॅमेऱ्याला हिरवं नाही, पांढरं दिसतं. उलटं केलं.

५ मे

सूट तयार. पांढरं जॅकेट, पांढरी पँट, त्यावर चंदेरी टेप, छातीवर भाचीने स्वतः रंगवलेला निळा बिल्ला. हेल्मेट म्हणजे मोठ्या फुग्यावर कागदाचे थर चिकटवून वाळवलेला गोळा, पुढे चेहऱ्यापुरती खिडकी. खिडकीला आधी पारदर्शक प्लॅस्टिक लावलं, त्यात अख्खी खोली, मी, फोन आणि हिरवं कापड एकदम दिसायला लागलं, मग काढून टाकलं. काच नंतर एडिटमध्ये घालू.

पहिली टेस्ट. तिला कापडासमोर उभं केलं, साधारण ६० सेंटीमीटरवर, दोन्ही पॅनेल समोरून. कापड मस्त उजळ, भाची मस्त उजळ, मी खूश. की लावली (म्हणजे कीअरने कापड काढून मागे चंद्र टाकला) तर सूटच्या कडेतून चंद्राची टेकडी दिसतेय. भाची म्हणाली, "मामा, मी भूत झाले."

हे का होतं ते आज नीट वाचून समजून घेतलं. कीअर "हिरवा रंग शोधून पुसतो" असं मला वाटायचं, तसं नाहीये. बरेच कीअर दर पिक्सेलला साधारण एवढंच विचारतात की हिरवा आकडा लाल आणि निळ्यापेक्षा किती जास्त आहे. खूप जास्त असेल तर कापड, अजिबात जास्त नसेल तर माणूस, मधलं काही असेल तर अर्धवट पारदर्शक. पांढऱ्यात तिन्ही आकडे सारखेच म्हणजे पांढरा सूट खरं तर एकदम सेफ असायला हवा. पण पांढरा रंग जे मिळेल ते परत फेकतो आणि ६० सेंटीमीटरवर त्याला मिळत होता तो कापडावरून उसळलेला हिरवा उजेड. तो उजेड सूटवर बसला की सूटचाही हिरवा आकडा वर, की कीअर म्हणतो हे पण थोडं कापडच आहे. ह्यालाच स्पिल म्हणतात. गोरं दिसावं म्हणून सूट पांढरा नव्हता केला, अंतराळवीर पांढरे असतात म्हणून केला, पण ग्रीन स्क्रीनसाठी ह्यापेक्षा वाईट रंग निवडता आला नसता. नाही, आला असता. ते पुढे कळेलच.

६ मे

तीन तास स्लायडर. नोंद करण्यासारखं काही नाही. एक बाजू जुळवली की दुसरी बिघडते, डी-स्पिल (स्पिल काढायचं सेटिंग) वाढवला की कड काळपट होते, मॅट आत ओढला की बोटं बारीक होतात. रात्री साडेबाराला लक्षात आलं की मी तीन तास चुकीच्या शूटची मलमपट्टी करतोय.

एक सवय मात्र लागली, रंगीत चित्र न बघता मॅट बघायची. मॅट म्हणजे कीअरने काढलेलं काळंपांढरं चित्र, माणूस पूर्ण पांढरा हवा, कापड पूर्ण काळं. रंगीत चित्रात डोळा फसतो, चंद्राच्या काळ्या आकाशावर तर घाण दिसतच नाही. मॅट बघितला तर माझं "काळं" कापड धुक्यासारखं करडं होतं आणि "पांढऱ्या" भाचीच्या पोटात भोकं.

८ मे

नवी मांडणी. भाची कापडापासून २ मीटर पुढे. पॅनेल आता फक्त कापडासाठी, दोन्ही बाजूंनी तिरके, आणि तिच्या अंगावर त्यांचा उजेड पडू नये म्हणून प्रत्येकाच्या कडेला पुठ्ठा. तिच्यासाठी वेगळा दिवा. दोन कामांना दोन वेगळे दिवे हे आधी वाचलं होतं पण "आपल्याकडे आहेत तेवढ्यात भागवू" म्हणून सोडून दिलं होतं.

एवढं केल्यावर जुन्याच सेटिंगने की अर्धी आपोआप सुधारली.

पण २ मीटर पुढे आणल्यावर कापड फ्रेमला पुरेना, दोन्ही बाजूंना कपाट आणि खिडकी दिसायला लागली. आधी घाबरलो, मग कळलं की कापड अख्ख्या फ्रेममध्ये लागतच नाही. तिच्या अंगामागे आणि हात फिरतील तेवढ्या जागेत हिरवं असलं की झालं, बाकीचं गार्बेज मॅटने कापायचं, म्हणजे तिच्याभोवती ढोबळ आकार काढायचा आणि बाहेरचं सगळं फेकायचं. उलट गार्बेज मॅट असला की कापडाचे काळपट कोपरेही कीअरच्या वाट्याला जात नाहीत. आता प्रत्येक शॉटला हे पहिलं काम.

दिवे सारखे पडलेत का हे डोळ्याने कळत नाही, डोळा लगेच जुळवून घेतो. नुसत्या कापडाचे १० सेकंद शूट करून रिझॉल्व्हच्या वेव्हफॉर्ममध्ये (उजेडाच्या आलेखात) बघितले. कापड एकसारखं उजळ असेल तर तिथे बारीक सरळ पट्टी दिसते, माझी डावीकडून उजवीकडे घसरगुंडी होती. डावं पॅनेल मागे नेलं, उजवं थोडं वर केलं, चार फेऱ्यांनी पट्टी सपाट झाली. मग दोन्ही पॅनेल मंद केले. कापड झगझगीत असायची गरज नसते, एकसारखं असलं की बास, आणि जितकं झगझगीत तितका स्पिल जास्त.

फोनवर एक्स्पोजर, फोकस, व्हाईट बॅलन्स तिन्ही लॉक. हे न करता घेतलेल्या एका टेकमध्ये भाचीने हात वर केला आणि फोनला वाटलं फ्रेममध्ये पांढरं वाढलं, म्हणून त्याने कापडच गडद करून टाकलं.

९ मे

कडा अजून खडबडीत. बाहीच्या कडेला जिन्याच्या पायऱ्या.

कारण सापडलं. फोन ज्या फॉरमॅटला रेकॉर्ड करतो त्याला ४:२:० म्हणतात, त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते पण रंगाची चार पिक्सेल मिळून एकच. १९२० बाय १०८० चा व्हिडिओ घेतला तर रंगाचं चित्र खरं तर ९६० बाय ५४० चंच असतं. एरवी कळत नाही कारण माणसाचा डोळा रंगाच्या बारकाव्यात कच्चा आहे. पण आपली अख्खी की रंगावर उभी आहे!

त्यावर उपाय सोपा निघाला, ४के मध्ये शूट करायचं आणि १०८० च्या टाइमलाइनवर काम करायचं. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, त्यातला रंग १९२० बाय १०८०, म्हणजे छोटं केल्यावर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. फायली अवाढव्य होतात आणि लॅपटॉप कुरकुरतो, पण बाही सरळ झाली. दोन तास खरं तर ह्या एका ओळीसाठी गेले.

११ मे

आजची नोंद लांब होणार.

की आता स्वच्छ आहे. मॅट काळापांढरा, कडा बऱ्या, भोकं नाहीत. मागे अपोलोचा चंद्राचा फोटो टाकला (नासाच्या फोटोंना सहसा कॉपीराइट नसतो) आणि बघितलं तर, फोटोवर स्टिकर चिकटवलाय. मासिकातून कापलेली मुलगी. आठवडाभर ज्या गोष्टीच्या मागे होतो ती मिळाली आणि खोटेपणा जसाच्या तसा.

ताई आली, तिने बघितलं, म्हणाली "छान आहे रे, पण ती तिथे नाहीये." बरोबर बोलली. काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं तिला, मलाही नाही. मग मूळ फोटोकडे तासभर नुसता बघत बसलो, भाचीशिवाय.

पहिली गोष्ट, उजेड. चंद्रावर एकच दिवा, सूर्य. हवा नाही त्यामुळे आकाश उजेड पसरवत नाही, सावल्या काळ्या आणि धारदार. शिवाय अपोलोचं उतरणं तिथल्या सकाळी ठरवलेलं असायचं, सूर्य खाली असताना, म्हणून सावल्या लांबलचक. माझ्या फोटोत सूर्य डावीकडून येतोय. आणि आमची भाची? समोरून, मऊ, पासपोर्ट फोटोसारखी उजळलेली. ग्रीन स्क्रीनला मऊ सपाट उजेड हवा असं सगळीकडे सांगतात ते कापडासाठी खरं आहे, माणसासाठी नाही. माणसाचा उजेड मागचं चित्र ठरवतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर.

दुसरी, कॅमेऱ्याची उंची. अंतराळवीरांचा हॅसलब्लाड कॅमेरा सूटवर छातीशी अडकवलेला असायचा. जमीन सपाट असेल तर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवरच उभ्या माणसाला कापतं, म्हणून त्या फोटोंत क्षितिज साधारण समोरच्याच्या छातीवरून जातं. मी फोन माझ्या डोळ्याच्या उंचीवर लावला होता, वरून खाली बघत. त्यामुळे पायाखालची जमीन एका कोनात आणि भाची दुसऱ्याच.

आता इथे गंमत. भाची १३० सेंटीमीटर. खऱ्या चंद्रावर खऱ्या अंतराळवीराने तिचा फोटो काढला असता तर क्षितिज तिच्या डोक्यावरून गेलं असतं. तिला हे मान्य नाही, तिला "मोठ्ठं" दिसायचंय. मग फोन तिच्या छातीच्या उंचीवर, जमिनीपासून ९५ सेंटीमीटर, आणि एडिटमध्ये तिला एवढी मोठी करायची की फोटोतलं क्षितिज तिच्या छातीवरून जाईल. आपोआप मोठ्या माणसाच्या मापाची होते, आणि कोनही जुळतो.

तिसरी, लेन्स. चंद्रावरच्या त्या कॅमेऱ्याला ६० मिलिमीटरची लेन्स आणि ७० मिलिमीटरची फिल्म, दिसण्याचा कोन फोनच्या मुख्य कॅमेऱ्यापेक्षा बराच अरुंद. रुंद लेन्सने जवळून घेतलं की हेल्मेट भोपळ्याएवढं आणि पाय काडीसारखे. लांबून घेऊन क्रॉप करायचं. खोली पुरेना, म्हणून ट्रायपॉड दाराबाहेर पॅसेजमध्ये. आता ती आणि फोन ह्यांच्यात साडेतीन मीटर. क्रॉपमुळे ४के चा फायदा थोडा कमी होतो, असो.

१२ मे

पाऊणएक तास दार-पॅसेज व्यवस्थेत गेला, घरातल्या प्रत्येकाला नेमकं तेव्हाच पॅसेजमधून जायचं होतं.

१३ मे

एकच टेबल लॅम्प, बाकी सगळं बंद (कापडाची पॅनेल सोडून). पिवळा बल्ब काढून पांढऱ्या उजेडाचा लावला, नाहीतर कापडाचे दिवे एका रंगाचे आणि तिचा दिवा दुसऱ्या रंगाचा. लॅम्प बरोबर डावीकडे, जवळजवळ तिच्या चेहऱ्याच्या उंचीला. समोरून मारला असता तर तिची सावली थेट कापडावर पडली असती, बाजूने मारल्यामुळे ती उजवीकडे फ्रेमच्या बाहेर जाते, हा बोनस.

की परत अवघड झाली. सूटची उजवी बाजू आता अंधारात, आणि अंधारात असलेल्या पांढऱ्यावर कापडाचा थोडासा हिरवाही उठून दिसतो. कापड अजून मंद केलं. मग कमरेवरच्या शॉट्ससाठी तिच्या समोर जमिनीवर पांढरी चादर पसरली, कारण चंद्राची जमीनही ऊन परत फेकतेच, नुसती काळी सावली तिथेही नसते. त्या चादरीने अंधारी बाजू थोडी उचलली आणि हिरवेपणा दबला. उरलेला डी-स्पिलने, जो साध्या भाषेत सांगायचं तर हिरव्याला लाल-निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ देत नाही.

मागे फोटो टाकला. ताईला बोलावलं. ती काही न बोलता जरा वेळ बघत राहिली आणि मग भाचीला म्हणाली, "हेल्मेट नीट बसलं नाहीये तुझं." म्हणजे तिने की कडे बघितलंच नाही. झालं काम.

१४ मे

उड्या! आज सगळ्यात मजा आली.

चंद्राचं गुरुत्व १.६२, आपलं ९.८, म्हणजे साधारण सहावा भाग. तेवढ्याच उंचीच्या उडीला वेळ किती जास्त लागेल तर ६ चं वर्गमूळ, साधारण २.४५ पट. आता ६० फ्रेमने शूट करून २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर फ्रेमला फ्रेम चालवलं तर किती स्लो होतं? २.४ पट. मी हे कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं कारण इतकं सरळ जुळेल असं वाटलं नव्हतं.

शटर १/१०० वर लॉक. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, १/१०० मध्ये बरोबर एक लुकलुक बसते म्हणून फ्लिकर येत नाही (जिथे ६० हर्ट्झ तिथे १/१२०). जलद शटरमुळे हातापायांच्या कडाही फार पुसट होत नाहीत, आणि पुसट कड म्हणजे हिरवं आणि बाही ह्यांची खिचडी, ती की होत नाही.

पहिली उडी लावून बघितली, उडी चंद्राची पण हात जाहिरातीतले. सरळ आहे, गुरुत्व कमी झालं तरी हात हलवायचा वेग आपला आपल्याच ताब्यात असतो, स्लो मोशनने मात्र तोही मंद केला. मग भाचीला सांगितलं, उडी नेहमीसारखी मार पण हात आणि डोकं दुप्पट-अडीचपट घाईने हलव. ती हे जे काही करते ते समोर उभं राहून बघणं म्हणजे, आम्ही तीन टेक हसण्यात घालवले. पण मंद केल्यावर अगदी सहज दिसतं. १९ उड्या, त्यातल्या चार कामाच्या, दोनमध्ये हेल्मेट फ्रेमबाहेर, बाकीच्यात मामाचं हसणं.

पूर्ण अंगाच्या शॉटला कापड जमिनीवरही पुढेपर्यंत आणावं लागतं, भिंत आणि जमीन ह्यांच्यात कोपरा न करता गोलाई देऊन, नाहीतर तिथे काळी रेघ. आणि जमिनीवरचं कापड खालून पायांवर हिरवा फेकतं, तिथे चादर टाकता येत नाही. बूट अजून थोडे हिरवट आहेत. राहू देत, त्यांच्यावर चंद्राची धूळ चढवेन.

१५ मे

सरप्राइज आलं. बेडूक.

कापसाचा, हिरवा, तिच्या तान्हेपणापासूनचा, एक डोळा दुसऱ्यांदा शिवलेला. तोच दगडाजवळ बसणार आणि शेवटी तिच्या कडेवर घरी येणार. मी काही बोलायच्या आत शूट झालंसुद्धा, आणि तिला लगेच बघायचं होतं म्हणून मी की लावून दाखवली. चंद्रावर भाची, हाताची घडी रिकामी, हवेत दोन डोळे.

"मामा, माझा बेडूक कुठे गेला?"

समजावलं. कॉम्प्युटरला तो कापडच वाटला. "पण तो कापड नाहीये." खरं तर तो कापडच आहे पण हे बोलण्याची वेळ नव्हती. पर्याय दिले: दुसरं खेळणं, नाही. बेडकाला लाल फडकं गुंडाळू, नाही, त्याला गुदमरेल. बेडकाभोवती दर फ्रेमला हाताने मास्क काढू, हे मीच नाही म्हणालो, ४० सेकंदांचा शॉट म्हणजे १००० फ्रेम.

रात्री वाचता वाचता कळलं, पूर्वी पेट्रो व्लाहोस नावाच्या माणसाने एक पद्धत पक्की केली होती, पडद्यावर सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड, साधारण ५८९ नॅनोमीटरची एकच बारीक पट्टी, आणि कॅमेऱ्यात प्रिझम बसवून तेवढीच पट्टी वेगळ्या फिल्मवर काढायची. त्यामुळे माणसाच्या अंगावर हिरवं असो निळं असो, पिवळंही असो, काही बिघडायचं नाही. त्या पद्धतीत आमचा बेडूक वाचला असता. प्रिझम कुठून आणू.

१६ मे

निळा पडदा. घरातली गडद निळी बिनडिझाइनची चादर, तीच पद्धत, ताणा, फवारा, चिमटे. बेडकाचे फक्त जवळचे शॉट करायचेत त्यामुळे चादर पुरते.

सगळे लोक हिरवंच का वापरतात ते आज प्रत्यक्ष कळलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा असतो, १९७६ च्या ब्राइस बायर ह्यांच्या पेटंटपासून ही मांडणी चालत आलीय. उजेडाचा सिग्नल बनवतानाही हिरव्याचा वाटा ७१ टक्क्यांवर आणि निळ्याचा ७ च्या आसपास. म्हणजे निळ्याच्या वाट्याला माहिती कमी, आणि निळं कापड त्याच दिव्यात जास्त गडद येतं. मॅट बघितला तर त्यात मुंग्या चालत होत्या. कालपर्यंत मंद केलेली पॅनेल आज पूर्ण वर, तरीही कीच्या आधी थोडा नॉइज रिडक्शन लावावा लागला. त्याने बेडकाची लव थोडी गुळगुळीत झाली. चालेल, तशीही झिजलेलीच आहे.

बेडूक संपूर्ण दिसतोय. भाची नाचली.

आणि मग छातीकडे लक्ष गेलं, बिल्ला. निळा बिल्ला! छातीला गोल भोक आणि त्यातून चंद्र. लाल टेप चिकटवून बिल्ला झाकला आणि परत शूट. म्हणजे आता फिल्ममध्ये बिल्ला अर्ध्या शॉट्समध्ये निळा, अर्ध्यात लाल. भाचीच्या मते बेडूक भेटल्यावर तिला बढती मिळाली. कथेत बसतं.

१८ मे

ताऱ्यांवरून भांडण. तिला आकाशात तारे हवेत. मी सांगितलं की अपोलोच्या फोटोंत तारे नाहीत कारण उन्हात न्हालेली जमीन आणि पांढरे सूट नीट यावेत म्हणून एक्स्पोजर कमी ठेवलेलं, तेवढ्यात अंधुक तारे उमटतच नाहीत. ती म्हणाली, "पण मला दिसतील ना, मी कॅमेरा नाहीये." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तडजोड: ती वर बघते त्या एका शॉटला तारे, बाकी काळं.

फोटोंवर ठराविक अंतरावर बारीक अधिकच्या (+) खुणा आहेत, त्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटवर कोरलेल्या असायच्या, मोजमापासाठी. भाचीच्या मागे त्या खुणा आल्या की ती फोटोसमोर उभी आहे हे लगेच कळतं, म्हणून एकेक पुसल्या. ३१ खुणा, तिन्ही फोटो मिळून.

हेल्मेटची काच: खिडकीच्या आकाराचा हलका निळसर थर आणि त्यावर चंद्राचाच फोटो उलटा, वाकवून, अगदी फिका. डोकं हलतं तसा तो हलवायचा, म्हणून ट्रॅकिंग. हेल्मेटवरच्या टेपचा कोपरा ट्रॅकरने बरा पकडला.

२० मे

सावल्या. पूर्ण अंगाच्या शॉटला सावली नसेल तर ती तरंगते, कितीही चांगली की असू दे. तिचाच मॅट घेतला, काळा भरला, पायाशी अडकवून उजवीकडे आडवा पाडला, फोटोतल्या दगडांच्या सावल्या ज्या दिशेला त्याच दिशेला. उडीत पाय उचलले की सावली पायापासून सुटली पाहिजे, हे पहिल्यांदा विसरलो होतो, ती सावलीला चिकटवून उडत होती, च्युइंगगमसारखी. चार उड्या हाताने कीफ्रेम केल्या, म्हणजे कुठल्या फ्रेमला सावली कुठे ते स्वतः ठरवलं.

किरकोळ: फोटो जुन्या फिल्मचा, दाणेदार, भाची फोनची, गुळगुळीत. दोन्हींवर मिळून एकच ग्रेन टाकला. काळ्याची पातळी जुळवली, तिची सावली फोटोतल्या काळ्यापेक्षा उजळ होती. बुटांवर करडा रंग, हिरवट प्रकरण मिटलं.

२२ मे

रेंडर. दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा झालं, २ मिनिटं ५१ सेकंद.

रात्री सगळ्यांना दाखवली. उडी आली तेव्हा दाजी सरसावून बसले, नंतर विचारलं दोरी कुठे बांधली होती. बिल्ल्याचा रंग कुणाच्याही लक्षात आला नाही. ताऱ्यांच्या शॉटला भाचीने माझ्याकडे वळून बघितलं.

संपल्यावर ताईने एकच विचारलं, बेडकाला हेल्मेट का नाही, तिथे हवा नसते ना. भाची एकदम गप्प. मग माझ्याकडे बघून, "मामा, छोटा फुगा आहे का आपल्याकडे?"

उद्या: निळी चादर धुवायला टाकू नये. छोटा फुगा, कागद, डिंक.